बारतोंडीच्या पेशींतून लाल रंग : प्रयोगशाळेतील सविस्तर कृती

खान्देशात टिश्यू कल्चर म्हटले की केळीच आठवते. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील शेतकरी ग्रँड नैनची, म्हणजे त्यांच्या बोलण्यातल्या ‘जी-नाईन’ची, प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे कितीतरी वर्षांपासून लावत आले आहेत आणि त्या निमित्ताने लॅमिनार (गाळलेल्या, जंतुरहित हवेचे काम करण्याचे कपाट), ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे भांडे), हार्डनिंग (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणे) हे शब्द इथे घरोघरी पोचले आहेत. याच कौशल्याचा दुसरा एक उपयोग या लेखात सांगायचा आहे, तो म्हणजे वनस्पतीच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांच्याकडून नैसर्गिक रंग मिळवणे. केळीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला इथे एक सवय मात्र उलटी करावी लागते. तिकडे कॅलस, म्हणजे आकार नसलेला पेशींचा गोळा, दिसला की तो काढून टाकतात, कारण त्यातून आलेली रोपे मूळ जातीशी तंतोतंत जुळतीलच असे नसते. इकडे कॅलस हेच पीक असते आणि रोप तयार होऊ लागले तर तो बिघाड समजायचा.

कोणता रंग हाती घ्यावा

पहिला निर्णय वनस्पतीचा आहे आणि बरेचसे प्रयत्न इथेच फसतात. जो रंग शेतात स्वस्तात पिकतो तो काचपात्रात पिकवण्यात अर्थ नाही. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे ढीग लागलेले असताना मिरचीचा लाल रंग, किंवा हळदीचे कंद आणि झेंडूची फुले सहज मिळत असताना त्यांचे पिवळे रंग पेशींकडून करवून घेणे म्हणजे वीज आणि साखर वाया घालवणे होय. बीटच्या पेशी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी उत्तम आहेत, कारण त्यांचा रंग पाण्यात विरघळतो आणि डोळ्यांना लगेच दिसतो. पण बाजारातल्या बीटशी त्यांची स्पर्धा होऊ शकत नाही.

पेशीसंवर्धन परवडण्याची शक्यता असते ती रंग मुळांत साठवणाऱ्या, त्यासाठी काही वर्षे घेणाऱ्या आणि रंग काढताना मुळासकट खणाव्या लागणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत. जपानमध्ये १९८३ मध्ये मित्सुई कंपनीने शिकोनिन हा जांभळट लाल रंग पेशीसंवर्धनाने तयार करून बाजारात आणला आणि तो लिपस्टिकमध्ये वापरला गेला. ज्या रोपाच्या मुळांत तो रंग तयार व्हायला पाच ते सात वर्षे लागत, त्याच्या पेशी सुमारे तीन आठवड्यांत रंग देऊ लागल्या. ती पद्धत दोन टप्प्यांची होती. आधी पेशी वाढवायच्या, मग माध्यम, म्हणजे त्यांचे अन्नद्रावण, बदलून त्यांच्याकडून रंग घ्यायचा. पुढे दिलेल्या कृतीचा सगळा आधार हाच आहे, कारण पेशीची वाढ आणि पेशीतला रंग ही दोन कामे एकाच वेळी नीट होत नाहीत.

आपल्याकडे या कसोटीला उतरणारे झाड म्हणजे बारतोंडी, जिला जुन्या व्यवहारात आल म्हणत. तिच्या मुळांच्या सालीतील लाल रंगात खारव्यासारखे जाडेभरडे सुती कापड रंगवले जाई आणि त्यासाठी तीन-चार वर्षे वाढवलेली झाडे खणून काढावी लागत. जर्मनीत १८६८ मध्ये मुळांतून मिळणारा अलिझरिन हा लाल रंग कृत्रिमरीत्या तयार करता आला आणि त्यानंतर मंजिष्ठ वर्गातील सगळ्याच मुळांच्या रंगांचा व्यापार बसला. बारतोंडीचा रंग अँथ्राक्विनोन या गटातला आहे. रोपवाटिकांत नोनी या नावाने मिळणारे झाड आणि आपल्याकडे शेताच्या बांधावर उगवणारी बारतोंडी या एकाच प्रजातीतील (जीनसमधील) जवळच्या जाती आहेत. पेशीसंवर्धनाचे पायाभूत काम १९७० च्या दशकात जर्मनीतील बोखुम येथे झाले ते नोनीवर, म्हणून नवख्याने सुरुवात नोनीपासूनच करावी आणि हात बसल्यावर बांधावरच्या झाडाकडे वळावे. जंगलातून मुळे किंवा फांद्या आणू नयेत. काम व्यावसायिक होणार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवण्याची तरतूद लागू होते का, हे पाहून घ्यावे.

खोली, पाणी आणि वीज

वाढकक्षाचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. बाहेर मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना हा मोठा खर्च आहे. पण एका बाबतीत बारतोंडी आपल्या बाजूची आहे. केळीच्या रोपांना मांडणीवर रोज १६ तास उजेड द्यावा लागतो आणि त्या दिव्यांची उष्णता पुन्हा एसीला ओढून काढावी लागते. बारतोंडीच्या पेशी रंग देतात तो अंधारात. त्यामुळे खिडकी नसलेली, उत्तरेकडची, जाड भिंतींची एखादी लहान खोली पुरते आणि दिव्यांचे बिल वाचते.

वीज गेल्यावर काय करायचे ते आधी ठरवून ठेवावे. घट्ट माध्यमावरच्या बाटल्या काही तास गरमी सहन करतात. द्रव माध्यमातील पेशींचा शेकर, म्हणजे फ्लास्क सतत हलवत ठेवणारे यंत्र, थांबला तर त्या तळाला बसतात आणि प्राणवायूअभावी गुदमरतात. म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क शेकरचा, एसीचा नंतर.

बोअरचे जड पाणी माध्यमासाठी कधीही वापरू नये. डिस्टिलेशनच्या उपकरणाच्या कॉइलवर पांढरा थर जमतो तो वेळोवेळी सौम्य आम्लाने काढावा, नाहीतर कॉइल जळते. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की आगरचे (घट्ट करणारे द्रव्य घातलेले) माध्यम आकसून बाटलीच्या कडेपासून सुटते. झाकणावर पॅराफिल्म किंवा स्वयंपाकघरात वापरतात तशी क्लिंग फिल्म दोन पदरी गुंडाळावी. पावसाळ्यात उलटी अडचण येते, म्हणजे हवेतले बुरशीचे बीजाणू वाढतात. त्या दिवसांत लॅमिनारचा प्री-फिल्टर अधिक वेळा धुवावा आणि खोलीत ओले पुठ्ठे, कापूस, पोती यांपैकी काहीही ठेवू नये.

पान घेणे आणि निर्जंतुक करणे

बांधावरच्या झाडाचे पान थेट आणून कामाला घेतले तर संसर्ग जवळजवळ ठरलेला असतो. त्यासाठी कुंडीतले रोप शेडनेटखाली निदान दीड-दोन महिने वाढवावे, पाणी फक्त बुंध्याशी घालावे आणि पानांवर पाणी पडू देऊ नये. शेंड्याकडून दुसरे किंवा तिसरे पान, पूर्ण उघडलेले पण अजून कोवळे व चमकदार, असे निवडावे. फार जून पान कॅलस उशिरा देते आणि फार कोवळे पान निर्जंतुकीकरणात भाजते.

पान वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवावे, मग भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे हलवून स्वच्छ करावे. त्यानंतर ०.१ टक्का कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात १० ते १५ मिनिटे ठेवावे. इथून पुढचे काम लॅमिनारमध्ये. पान ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद बुडवावे, लगेच काढून १ टक्का उपलब्ध क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ८ ते १० मिनिटे ठेवावे आणि निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवावे. बाजारातले द्रावण ४ टक्क्यांचे असेल तर एक भाग द्रावणात तीन भाग पाणी मिसळले की १ टक्का होते. मात्र कॅन जुना असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून कॅनवरची तारीख पाहावी. अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, त्याची तजवीज आधीच करावी.

अनेक प्रयोगशाळांत या कामासाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरतात आणि ते प्रभावी आहे हे खरे. तरीही ज्या पेशींपासून पुढे कापडाचा रंग काढायचा आहे त्यांच्या वाटेत पारा आणणे मला पटत नाही, आणि पाऱ्याचे सांडपाणी कुठे टाकायचे याचे उत्तर लहान प्रयोगशाळेकडे नसते. हायपोक्लोराइटने काही बाटल्या जास्त वाया जातील, तेवढे मान्य करावे.

पानाच्या कडा आणि मधली जाड शीर सोडून सुमारे एक सेंटिमीटरचे चौकोन कापावेत, पृष्ठभागावर ब्लेडने हलक्या दोन-तीन रेघा माराव्यात आणि पानाची खालची बाजू माध्यमाला टेकेल असे ठेवावेत. एका बाटलीत एकच तुकडा ठेवावा. दोन ठेवले की एकाचा संसर्ग दुसऱ्यालाही घेऊन जातो.

माध्यम

केळीसाठी सर्रास वापरले जाणारे मुराशिगे-स्कूग माध्यम, म्हणजेच एमएस, १९६२ सालचे आहे आणि त्यात अमोनियम भरपूर असते. पेशींच्या रंगासाठी गॅम्बोर्गचे १९६८ सालचे बी-फाइव्ह माध्यम मी पसंत करतो, कारण त्यात नायट्रोजनचा बहुतेक भाग नायट्रेटच्या रूपात असतो. त्याची तयार पावडर मिळते. स्वतः करायचे असेल तर एक लिटरमध्ये पोटॅशियम नायट्रेट २५०० मिग्रॅ, अमोनियम सल्फेट १३४ मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट २५० मिग्रॅ, कॅल्शियम क्लोराइड १५० मिग्रॅ आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १५० मिग्रॅ ही मुख्य क्षारांची मात्रा असते. सोबत सूक्ष्म अन्नद्रव्ये, चिलेटेड लोह, १०० मिग्रॅ इनॉसिटॉल आणि जीवनसत्त्वे, ज्यांत थायमिन १० मिग्रॅ, ही लागतात.

या कामाला दोन वेगळी माध्यमे लागतात. वाढीच्या माध्यमात बी-फाइव्हबरोबर साखर २० ते ३० ग्रॅम, 
२,४-डी १ मिग्रॅ आणि कायनेटिन ०.२ मिग्रॅ प्रति लिटर (दोन्ही वाढीचे हॉर्मोन) घालावे. रंगाच्या माध्यमात २,४-डी अजिबात नसावे. त्याऐवजी एनएए (नॅफ्थॅलिन अ‍ॅसेटिक आम्ल) २ मिग्रॅ, कायनेटिन ०.२ मिग्रॅ आणि साखर ५० ते ७० ग्रॅम प्रति लिटर घालावी. हा फरक किरकोळ वाटतो, पण सगळी किमया त्यातच आहे. दोन्ही ऑक्झिनेच, म्हणजे एकाच गटातले वाढीचे हॉर्मोन, असली तरी २,४-डी पेशींना भराभर विभागायला लावते आणि अँथ्राक्विनोन तयार होऊ देत नाही, तर एनएएच्या सोबत वाढ बऱ्यापैकी होते आणि रंगही येतो. हेच २,४-डी शेतात तणनाशक म्हणून वापरतात आणि शेजारच्या शेतातून उडून आलेल्या त्याच्या फवाऱ्याने कपाशीची पाने कशी आकसतात ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. प्रयोगशाळेतही त्याची बाटली, पिपेट आणि मोजपात्र कायम वेगळे ठेवावे, कारण रंगाच्या माध्यमात गेलेला त्याचा अंशसुद्धा निकाल बिघडवतो.

एनएए आणि कायनेटिन थेट पाण्यात नीट विरघळत नाहीत. दोन्ही आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाच्या काही थेंबांत विरघळवून मग पाण्याने आकारमान पूर्ण करावे. २,४-डी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळते. साखर प्रयोगशाळेच्या शुद्ध दर्जाचीच हवी असे नाही. स्वच्छ, पांढरी, बाजारातली साखर चालते, मात्र एका प्रयोगमालेसाठी एकाच पोत्यातली वापरावी. सामू ५.८ वर आणून घट्ट माध्यमासाठी ८ ग्रॅम आगर घालावे आणि १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे. जास्त साखरेचे माध्यम त्याहून अधिक वेळ तापवले तर तपकिरी पडते आणि पुढे रंग मोजताना घोटाळा करते.

कॅलस आणि त्यातली निवड

बाटल्या अंधारात ठेवल्यावर आठ-दहा दिवसांत तुकड्यांच्या कापलेल्या कडा फुगतात आणि तीन ते चार आठवड्यांत कडेने पिवळसर, भुसभुशीत कॅलस दिसू लागतो. पहिल्या आठवड्यात पांढऱ्या, काळ्या किंवा हिरव्या बुरशीच्या बाटल्या वेगळ्या कराव्यात आणि झाकण न उघडता आधी ऑटोक्लेव्ह करूनच धुवाव्यात. जिवाणूंचा संसर्ग कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुकड्याभोवती दुधी वलयासारखा उमटतो; तो पानाच्या आतूनच आलेला असतो आणि बाहेरून कितीही धुतले तरी जात नाही. अशा वेळी झाड बदलावे. कापलेल्या कडा तपकिरी पडून माध्यमही काळवंडत असेल तर तुकडे पहिल्या आठवड्यात दोनदा ताज्या माध्यमावर हलवावेत किंवा माध्यमात ५० ते १०० मिग्रॅ अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालावे.

दर तीन ते चार आठवड्यांनी कॅलस नव्या माध्यमावर घ्यावा लागतो. याच वेळी निवड करायची असते, आणि माझ्या मते संपूर्ण कृतीत सर्वांत कुशल हात इथेच लागतो. एकाच गोळ्यात काही भाग फिकट पांढरा असतो, काही लिंबासारखा पिवळा, आणि कुठेतरी मोहरीएवढा गडद नारिंगी ठिपका असतो. पांढरा भाग नेहमी सर्वांत जोमाने वाढतो आणि नवखा माणूस तोच उचलतो, कारण तो तरतरीत दिसतो. उचलायचा असतो नारिंगी ठिपका. त्यासाठी कॅलसचे काही तुकडे एनएए असलेल्या घट्ट माध्यमावर ठेवावेत, म्हणजे कोणती ओळ (एकाच तुकड्यापासून पुढे वाढवत नेलेल्या पेशी) रंग देऊ शकते ते उघड होते. रंग देणाऱ्या तुकड्याचा जोड तुकडा वाढीच्या माध्यमावर त्याच क्रमांकाने जपावा.

डोळ्याला दिसणारा नारिंगी रंग खरोखर अँथ्राक्विनोनचा आहे की पेशी मरून आलेला तपकिरीपणा आहे, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा कॅलस पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर घेऊन काचेच्या कांडीने चिरडावा आणि त्यावर ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकावा. अँथ्राक्विनोन असेल तर पिवळा-नारिंगी लगदा थेंबाच्या कडेपासून आत जांभळट लाल होत जातो आणि काही क्षणांत थेंबच कुंकवाच्या पाण्यासारखा दिसतो. मेलेल्या पेशींचा तपकिरी रंग मात्र नुसता आणखी गडद तपकिरी होतो. प्रत्येक सबकल्चरला, म्हणजे कॅलस नव्या माध्यमावर घेताना, प्रत्येक ओळीची ही चाचणी करून वहीत नोंद ठेवावी. सहा-सात पिढ्या सतत हीच निवड केली की रंग देणारी, बऱ्यापैकी स्थिर ओळ हाती लागते. ती मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नये. पेशींच्या ओळी काळाने रंग द्यायच्या थांबतात, म्हणून निवड कधीच बंद करता येत नाही, आणि चांगल्या ओळीच्या काही बाटल्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या ठेवाव्यात.

द्रवातील पेशी

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये आगर नसलेले ५० मिली वाढीचे माध्यम घेऊन त्यात २ ते ३ ग्रॅम ताजा, भुसभुशीत कॅलस चिमट्याने मोकळा करून सोडावा. शेकर मिनिटाला १०० ते १२० फेऱ्यांवर, अंधारात. पहिले काही दिवस मोठे गोळे तळाशी फिरताना दिसतात, पुढे द्रव हळूहळू रव्याच्या पातळ खिरीइतका दाट होतो. दहा-बारा दिवसांनी निर्जंतुक केलेल्या स्टीलच्या बारीक जाळीतून गाळून मोठे गोळे टाकून द्यावेत आणि खाली उतरलेल्या पेशी, एक भाग जुना द्रव व तीन ते चार भाग नवे माध्यम या प्रमाणात, पुढच्या फ्लास्कमध्ये घ्याव्यात. एकदम जास्त पातळ केल्या तर पेशी वाढतच नाहीत.

वाढ मोजण्यासाठी १० मिली द्रव मोजनळीत अर्धा तास स्थिर ठेवून बसलेल्या पेशींचे आकारमान वाचणे पुरेसे आहे. दिवसाआड हे आकडे आलेखावर मांडले की दोन-तीन दिवस सपाट, मग चढ, आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा सपाट अशी रेघ मिळते. पेशी जिवंत आहेत का ते पाहायला इव्हान्स ब्लू वापरावा. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी निळ्या दिसतात आणि जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत. निळ्या पेशी पाचात एकीहून जास्त असतील तर त्या फ्लास्कमधून रंगाचा टप्पा सुरू करू नये.

रंगाचा टप्पा

वाढीचा चढ संपत आलेला असताना, साधारण दहाव्या दिवशी, फ्लास्क लॅमिनारमध्ये स्थिर ठेवून पेशी खाली बसू द्याव्यात आणि वरचा द्रव ओतून टाकावा. हॉर्मोन नसलेले बी-फाइव्ह घालून, हलवून, पुन्हा बसू देऊन ओतावे, आणि हे दोनदा करावे. घाईत हे धुणे टाळले तर पेशींत अडकलेले २,४-डी नव्या माध्यमातही काम करत राहते आणि आठवडा उलटला तरी फ्लास्क फिकाच राहतो. मग ५० मिली रंगाच्या माध्यमात साधारण ५ ग्रॅम ओल्या पेशी घेऊन तो शेकरवर अंधारात ठेवावा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून पेशी पिवळ्या आणि पुढे नारिंगी होतात. हा रंग पेशीच्या आतल्या रसकोशात साठतो; द्रव बराचसा फिका राहतो, म्हणून द्रव पाहून निराश होऊ नये. जास्त साखर इथे दोन कामे करते. ती कच्चा माल पुरवते आणि पेशीभोवतीचा परासरणी दाब वाढवून विभाजन मंद करते. रंग आणखी वाढवायचा असेल तर मिथाइल जॅस्मोनेटचा उपयोग होतो. वनस्पतीला किडीने कुरतडले की तिच्यात जो संदेश फिरतो त्याच्या जवळचे हे रसायन १०० मायक्रोमोलर या मात्रेत, रंगाच्या माध्यमात गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घालावे. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून घालतात, म्हणून तुलनेसाठी एका फ्लास्कमध्ये तेवढेच नुसते अल्कोहोल आणि एकात काहीच नाही असे ठेवावे, अन्यथा फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही. मात्रा वाढवली तर पेशी मरतात आणि रंग द्रवात सांडतो.

काढणी, अर्क आणि मोजमाप

रंगाच्या माध्यमात १० ते १४ दिवस झाले की पेशी कापडातून किंवा बुखनर गाळणीतून गाळून, डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुऊन ४५ ते ५० अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवाव्यात. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण उन्हाने रंग उतरतो आणि धुळीचे वजनही पेशींचे म्हणून मोजले जाते.

मोजमापासाठी १०० मिग्रॅ वाळलेली पूड १० मिली ८० टक्के अल्कोहोलमध्ये घालून ६० अंशांच्या पाण्यात झाकून अर्धा तास ठेवावी. अल्कोहोलजवळ उघडी ज्योत नसावी. अर्क गाळून घ्यावा आणि पूड रंगहीन होईपर्यंत पुन्हा पुन्हा तसेच करावे, मग सगळे अर्क एकत्र करून ५० मिली करावेत. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणाऱ्या यंत्रावर) ४३४ नॅनोमीटरला शोषण वाचावे आणि शुद्ध अलिझरिनच्या ५ ते ५० मिग्रॅ प्रति लिटर या प्रमाणातील द्रावणांचा आलेख तुलनेला घ्यावा. आलेखावरून अर्कात ४० मिग्रॅ प्रति लिटर इतका रंग निघाला, तर ५० मिलीमध्ये २ मिग्रॅ, म्हणजे वाळलेल्या पेशींत २ टक्के झाला. हा आकडा ‘अलिझरिनच्या तुलनेत एकूण अँथ्राक्विनोन’ असाच लिहावा, कारण प्रत्यक्षात त्यात अनेक घटक एकत्र असतात.

त्या घटकांपैकी एकाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. बारतोंडीच्या पेशींत ल्युसिडिनची शर्करायुक्त संयुगे तयार होतात, आणि ल्युसिडिन जनुकांत बदल घडवणारे द्रव्य म्हणून ओळखले जाते. ‘नैसर्गिक’ शब्दाच्या भरवशावर हा रंग सरबतात, मिठाईत किंवा ओठांवर लावण्याच्या वस्तूंत कोणीही घालू नये. काढताना व वापरताना हातमोजे घालावेत, कोरडी पूड हाताळताना मास्क लावावा. त्याचे क्षेत्र कापड हेच आहे.

कापडावर

पेशींतला बराचसा रंग साखरेला जोडलेला असतो आणि तशा अवस्थेत कापडावर कमी बसतो. म्हणून अल्कोहोल काढून टाकलेला दाट अर्क सौम्य आम्लात तासभर गरम ठेवून साखर सुटी करावी आणि मग सोड्याने आम्ल मारावे. कापड म्हणून जाडसर सुती कापड घ्यावे, ते धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली खळ काढावी, कापडाच्या वजनाच्या १० टक्के हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवावे, पिळून वाळवावे आणि १५ टक्के तुरटीच्या कोमट द्रावणात काही तास ठेवावे. रंगाच्या पाण्याचे तापमान हळूहळू ७० अंशांच्या आसपास नेऊन तासभर तिथेच ठेवावे. उकळी आली तर छटा मळकट होते. अलिझरिन जातीचे रंग चुन्याच्या सान्निध्यात अधिक पक्के आणि लाल बसतात, त्यामुळे प्रयोगशाळेत ज्याच्यापासून दूर राहायला सांगितले तेच बोअरचे जड पाणी इथे बेलाशक वापरावे. तुरटीवर विटकरी ते लाल छटा मिळते. भांडे लोखंडी असेल तर ती जांभळट तपकिरीकडे झुकते. रंगवलेल्या कापडाची अर्धी पट्टी अंधारात आणि अर्धी उन्हात आठवडाभर ठेवून, नंतर साबणाने धुऊन तुलना करावी.

खर्चाचा हिशेब

शेवटी आकडे मांडावेत. समजा एक लिटर रंगाच्या माध्यमातून १२ ग्रॅम वाळलेल्या पेशी मिळाल्या आणि त्यांत ५ टक्के रंग निघाला, तर एका लिटरमागे ०.६ ग्रॅम रंग हाती येतो आणि त्यासाठी ५० ते ७० ग्रॅम साखर, हॉर्मोन, अर्काचे अल्कोहोल आणि साधारण साडेतीन आठवड्यांची शेकर व एसीची वीज लागते. कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग धरला तर अर्ध्या किलोच्या सुती साडीला १० ग्रॅम रंग, म्हणजे सुमारे १७ लिटर पेशीद्रव लागेल. फ्लास्कमध्ये ५०-५० मिलीने हे गाठता येत नाही. त्यासाठी हवा खालून सोडणारे काही लिटरचे बायोरिअ‍ॅक्टर लागतात आणि तिथे पेशींचे गोळे, फेस व संसर्ग यांचे स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. कृत्रिम अलिझरिनच्या किमतीशी आज हा रंग झुंजू शकत नाही. वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकवणारे महाविद्यालय, नैसर्गिक रंगाचे नमुने मागणारा हातमाग उद्योग, किंवा हंगामाबाहेर ज्यांचे लॅमिनार रिकामे असतात अशा केळीच्या प्रयोगशाळा यांनी तो लहान प्रमाणावर हाती घ्यावा, आणि लिटरमागे मिळणारे ग्रॅम व युनिटमागे मिळणारे ग्रॅम हे दोन आकडे पहिल्या फ्लास्कपासून वहीत लिहीत जावे.